शोभनाताईंना दिसणारी वलयं

पार्सिपनी, २९ सप्टेंबर २०२४

कांचनबाई,

मोठी बहीण म्हणून आशीर्वाद द्यावे लागतात, ते घे.

तुझ्याशी यापुढे बोलणार नाही असं मी मागच्या वर्षी परीक्षितच्या वास्तुशांतीला म्हटलं होतं आणि ते पाळते आहे. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. यांना हा फरक पटत नाही. पण बँकेतून रिटायर झाल्यापासून यांना काहीच पटत नाही, त्यामुळे ते सोड.

कारण तुला आठवत नसेल. मी सुनेच्या आईला, म्हणजे आसावरीच्या आईला, सांगत होते की कॉलेजच्या नाट्यगीत स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. तू हातात गुलाबजामची वाटी घेऊन मध्येच म्हणालीस, "स्पर्धेत दोघीच होत्या. दुसरी मी, आणि माझा घसा बसला होता." घर भरलेलं होतं. सगळे हसले. आसावरीची आई सगळ्यांत जास्त हसली आणि अजून हसते. त्याच दिवशी मी घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. त्यानंतर कोणाचं काय चाललंय ते मला कळत नाही आणि मला त्याची गरजही भासलेली नाही.

पत्राचं कारण एवढंच की तुझा मोरपंखी स्वेटर इथे राहिलाय. तुझ्याकडे बॉथेलला पोस्टाने पाठवू का, ते कळव. संपलं.

आता कागद उरलाच आहे म्हणून लिहिते. हल्ली माझं डोकं दुखतं. रोज नाही, पण संध्याकाळी धरतं. उजव्या भुवईच्या वर, जसं काही आतून कोणी अंगठा दाबतंय. सकाळी उठले की काही नसतं, त्यामुळे घरात कोणाचा विश्वास बसत नाही. परीक्षित म्हणतो, आई तू पाणी कमी पितेस. हल्लीच्या मुलांना सगळ्या दुखण्यांवर पाणीच सुचतं. आसावरी म्हणते, टॅबवर मालिका कमी बघा. हे म्हणतात, गॅस. यांच्या मते भूकंपसुद्धा गॅसमुळेच होतो.

आसावरीने व्हिडिओवर डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन दिली. डॉक्टर म्हणजे गोड मुलगी होती, परीक्षितपेक्षा लहान. तिने मला नाकाला बोट लावायला सांगितलं, हसायला सांगितलं, मग टेन्शनची डोकेदुखी असेल म्हणाली. डोक्याच्या स्पेशालिस्टची तारीख जानेवारीतली मिळाली आहे. तोपर्यंत डोकं मी सांभाळायचं. मला वाटतं हे सायनस आहे. म्हणून मीच दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या आहेत आणि त्या घेते.

एक गोष्ट मात्र इथे कोणाला सांगितलेली नाही. डोकं दुखत असताना घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन बसले की रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडं दिसतं. आत निळसर, बाहेरून तांबडं, पावसात इंद्रधनुष्य दिसतं तसं. इतकं सुंदर असतं की दुखणं विसरायला होतं. आपल्या दोघींत तू शास्त्र शिकलीस, तेव्हा तुला यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटलं.

स्वेटरचं कळव.

तुझ्याशी न बोलणारी,
शोभना


पार्सिपनी, १४ ऑक्टोबर २०२४

कांचन,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत होते असं नाही. पोस्टाची गाडी दुपारी येते आणि मी त्या वेळी सहज खिडकीत असते.

मी हे कोणाजवळ मिरवत नाही, पण इथे एक वेगळीच गोष्ट झाली आहे.

आमचं शनिवारचं भजनी मंडळ प्रीताच्या बेसमेंटमध्ये भरतं, हे तुला माहीत नसेल. प्रीता म्हणजे मंडळाची सर्वेसर्वा. बाई मोठ्या कंपनीत आहे, आणि भजनसुद्धा मीटिंग घेतल्यासारखं घेते. नवरात्रातल्या शनिवारी तिने वरचे दिवे घालवून फक्त समया ठेवल्या होत्या. माझं डोकं भणभणत होतं. मी डोळे किलकिले करून समोर बघितलं तर प्रीताच्या डोक्यामागे भलंमोठं रंगीत वलय. देवांच्या तसबिरीत असतं अगदी तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रीता, तुझ्याभोवती वलय आहे गं."

पेटी थांबली. प्रीताने हात जोडले आणि ती रडायला लागली. म्हणाली, काकू, मी तीन वर्षं मेडिटेशन करते आहे, कोणाला बोलले नव्हते. मी तरी काय म्हणणार? मला दिसलं होतं ते खरंच दिसलं होतं.

तेव्हापासून बायका येतात. मी बोलावत नाही. संध्याकाळी बेल वाजते आणि कोणीतरी केळ्यांचा घड घेऊन उभी असते. काकू, जरा बघता का माझ्याकडे? मी बघते. कधी दिसतं, कधी नाही. खोटं मी सांगत नाही. मागच्या आठवड्यात रुपालीने, ती एरवी जर्सी सिटीहून ट्रेन बदलून येते, नवऱ्यालाच आणलं. नकुल नाव त्याचं, साधा मुलगा आहे. तो स्वयंपाकघरात ट्यूबखाली बसला होता. मी बराच वेळ बघितलं, काही नव्हतं. तसं सांगितलं. रुपालीचा चेहरा उतरला आणि जाताना ती गाडीत मागच्या सीटवर बसली. दोन दिवसांनी नकुल एकटाच आला, ऑफिसची बॅग गळ्यात तशीच. म्हणाला, "काकू, प्लीज एकदा परत चेक करता का? घरी फार प्रॉब्लेम झालाय." आणि स्वतःच जाऊन हॉलमधल्या कोपऱ्यातल्या दिव्यासमोर उभा राहिला. तिथे त्याला चांगलं ठसठशीत वलय होतं. मी रुपालीला फोन करून तसं कळवलं. माझ्यामुळे कोणाच्या संसारात बाधा यायला नको.

यांनी हे सगळं पेपरच्या आडून ऐकलं आणि विचारलं, फ्रिजच्या बल्बला वलय दिसतं का. यांनी आणखी विचारलं की हे सगळं अंधार पडल्यावरच का दिसतं, देव दिवसा कामावर असतो का. त्या दिवशी मी यांना ताकाशिवाय जेवायला लावलं.

स्वेटर अजून इथेच आहे. थंडी सुरू झाली म्हणून मी एकदोनदा घातला. मला तो जास्त चांगला दिसतो.

तुझी (नात्याने),
शोभना


पार्सिपनी, ३० ऑक्टोबर २०२४

कांचन,

तू एवढी ताणशील असं वाटलं नव्हतं. मी दोन पत्रं लिहिली. पुढाकार माझा आहे हे आपल्या नातेवाइकांपैकी कोणी मोजत असेल तर त्यांनी मोजावं.

दिवाळी आली आहे. आसावरीने दारात पणत्यांच्या माळा लावल्या आहेत, बॅटरीवर चालणाऱ्या. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे बघितलं आणि प्रत्येक पणतीला आपापलं कडं होतं. एकात एक गुंतलेली, सगळं दार नुसतं रंगांनी भरलेलं. मी पायरीवर बसूनच राहिले. मग उठताना पायरी चुकले, पण लागलं नाही, आणि मुलांना सांगितलेलं नाही.

मंडळात आता माझ्यासाठी वेगळी खुर्ची असते. त्यावर शाल घातलेली असते. प्रीताने नवीन पद्धत सुरू केली आहे, आधी भजन, मग दिवे मंद करायचे, मग दर्शन. दर्शन हा शब्द तिचा, माझा नाही. मी आपली दर्शनाच्या आधी सर्दीची गोळी घेऊन ठेवते, कारण दिवे मंद झाले की डोकं नक्की उठतं. हल्ली एका गोळीने भागत नाही, दोन लागतात. दुखणं आता भुवईवरून डोळ्यात उतरतं आणि मळमळतं. दोनदा उलटी झाली. प्रीता म्हणते, साधनेचा ताप असतो. कधीकधी उजवीकडचं सगळं धुक्यात गेल्यासारखं होतं आणि झोपून उठलं की साफ होतं. ते धुकं म्हणजे मायेचा पडदा आहे म्हणे. तो विरळ होतो आहे असं ती म्हणते. मला तर तो दाट होत चाललेला वाटतो, पण मी तिला तसं बोलले नाही, तिचा हिरमोड होईल.

सुईत दोरा ओवणं मी सोडलं आहे. कोडंही यांनाच वाचून दाखवायला लावते. ते वाचून दाखवतात आणि उत्तरही स्वतःच देतात, त्यामुळे मजा राहिली नाही.

या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे करतील, म्हणजे ऑफिसं सुटायच्या आतच अंधार. बायका खूश आहेत, दर्शनाला जास्त वेळ मिळेल म्हणून. मला मात्र हल्ली संध्याकाळ झाली की जरा भीती वाटते. कसली ते माहीत नाही. हे फक्त तुला लिहिलं आहे.

तू एकदा "स्वेटर ठेव" किंवा "पाठव" एवढं तरी लिही.

शोभना


पार्सिपनी, १४ नोव्हेंबर २०२४

कांचन,

तू भिंतीच्या पलीकडे पाहुण्यांच्या खोलीत आहेस आणि मी हे पत्र दाराखालून सरकवणार आहे. हसू नकोस. तुझ्या खोकल्यावरून मला कळतं की तू जागी आहेस आणि वाचते आहेस.

सोमवारी तू विमानतळावरून थेट दवाखान्यात आलीस, आज गुरुवार. इतके दिवस तू आसावरीला विचारतेस, "तिला चहा हवा का?" आणि मी आसावरीला सांगते, "तिला म्हणावं, साखर कमी." काल त्या बिचारीचा ऑफिसचा कॉल चालू होता आणि तिने कॅमेऱ्यासमोरच कोणा मोठ्या साहेबाला सांगितलं की साखर कमी. आता हे पुरे करू या. शनिवारी काय झालं ते तुला फोनच्या त्या टोकाकडूनच माहीत आहे. या टोकाचं सांगते.

त्या दिवशी प्रीताने खास बैठक ठेवली होती. पेनसिल्व्हेनियाहून एक कुटुंब येणार होतं, आजी, आई, मुलगी, सगळ्यांची वलयं बघायची होती. मी दोन गोळ्या घेतल्या. दिवे मंद झाले तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. बघितलं तर तुझं नाव. मी तुला खरं सांगते, मला फार आनंद झाला, आणि म्हणूनच मी फोन उचलला नाही. म्हटलं, आता तू जरा वाट बघ. तू परत केलास, मी परत उचलला नाही. तू भारतातून त्याच दिवशी परतली होतीस, तुझ्या देवने माझी तिन्ही पत्रं न उघडता फ्रिजवर ठेवली होती आणि तू कोट न काढता एकामागून एक वाचली होतीस, हे मला कुठून कळणार? तुझा मुलगा पत्रं जपून ठेवतो, बाकी काही नाही तरी.

मग उजव्या डोळ्यात कोणी खिळा ठोकावा तसं झालं. पेनसिल्व्हेनियाच्या आजींकडे बघत होते आणि त्या नुसत्या दिसेनाशा झाल्या. समया दिसेनाशा झाल्या. मी प्रीताच्या पांढऱ्या गालिच्यावर उलटी केली आणि तिथेच बसले. बायकांना वाटलं समाधी लागली. प्रीता म्हणाली, कोणी हात लावू नका, आवाज वाढवा. आणि माझ्याभोवती जोरजोरात टाळ वाजू लागले. कांचन, डोकं फुटत असताना टाळ काय असतात ते मी तुला सांगू शकत नाही.

हे मला न्यायला वेळेआधीच आले होते. यांनी जिन्यावरून बघितलं, भिंतीवरची सगळी बटणं लावली, लखलखीत उजेड पडला, आणि हे म्हणाले, "पुरे. तिला दुखतंय." लग्न झाल्यापासून यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं, हे गॅस म्हणतील. म्हणाले नाहीत.

इमर्जन्सीत सगळ्यांनी माझ्या पोटाचीच चौकशी केली. काय खाल्लं, कुठे खाल्लं. मंडळाचा प्रसाद ऐकल्यावर त्यांना खात्रीच पटली. मग मायग्रेन म्हणाले आणि पडद्याआड अंधार करून झोपवलं. तेवढ्यात आसावरी फोन कानाला लावून धावत आली. मी उचलत नाही म्हणून तू तिला केलास. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि तुझा आवाज आला.

"आसावरी, फोनचा टॉर्च लाव आणि तिचे दोन्ही डोळे बघ. उजवी बाहुली मोठी आहे का?"

"हो मावशी. मोठी आहे, आणि उजेड पाडला तरी लहान होत नाहीये. डोळा लाल झालाय."

"मग पोट नाही आणि मायग्रेनही नाही. खोलीतला दिवा लावायला सांग. डॉक्टरला म्हणावं, डोळ्याचं प्रेशर मोजा, आत्ता. सर्दीच्या गोळ्या घेतल्यात तेही सांग."

तेव्हा मी बोलले. वर्षभराचं सगळं विसरून बोलले. "कांचन, मला उजव्या डोळ्याने काही दिसत नाहीये."

मग तू म्हणालीस, "दिसेल. आता गप्प पड." लहानपणी मला ताप यायचा तेव्हा तू धाकटी असून याच आवाजात दटावायचीस. मी गप्प पडले.

मग डोळ्यांची डॉक्टर आली, तिने प्रेशर मोजलं आणि तिची चाल एकदम बदलली. हातातून औषध, डोळ्यात थेंब, सगळे पळायला लागले. हळूहळू खिळा सैल झाला. ती माझ्यापाशी बसून समजावत होती आणि आसावरी मराठीत सांगत होती. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट माझ्या डोळ्यात जन्मापासूनच अरुंद. अंधारात बाहुली मोठी झाली की ती वाट बुजते. पाणी आत साठतं, दाब चढतो, तो डोक्याला जाणवतो. डोळ्याची पुढची काच सुजते आणि दिव्यांना रंगीत कडी दिसतात. सर्दीची गोळीही बाहुली मोठी करते. झोपेत बाहुली लहान होते, म्हणून सकाळी मी ठणठणीत. इतकं सरळ होतं. मी रोज संध्याकाळी गोळी घेऊन, दिवे मालवून, स्वतःच्या हाताने ती वाट बुजवत होते आणि वर लोकांना आशीर्वाद देत होते.

आणि तुला मार्चमध्येच हे निघालं होतं. दुखायच्या आधीच दोन्ही डोळ्यांना लेसर करून घेतलंस. डॉक्टरांनी सांगितलं, सख्ख्या भावंडांना तपासून घ्यायला सांगा. तू ते ग्रुपवर टाकलंस. त्या ग्रुपवर मी नव्हते. आपली यमूआत्या कपाळाला फडकं बांधून बसायची, आठवते? घरात म्हणायचे, तापट आहे म्हणून डोकं दुखतं. मग तिचा एक डोळा गेला तरी तापटच म्हणत राहिले. काल रात्री मला कळलं की ती तापट नव्हती.

आता मुद्द्याचं. परवा शनिवार आहे. मला मंडळात जाऊन हे सगळं सांगायला हवं. प्रीताने रोज फुलं पाठवली आहेत आणि कार्डावर लिहिलं आहे, "दिव्य अनुभवातून लवकर परत या." मी एकटी गेले तर मला माहीत आहे काय होईल. मी थोडं सांगेन, थोडं गाळेन, आणि घरी येईपर्यंत पुन्हा शालीच्या खुर्चीत बसलेली असेन. तू बरोबर चल. मी कुठे इकडचं तिकडे केलं तर तिथेच, सगळ्यांसमोर सांग.

वाचलंस की दार उघड. चहा मी केलाय. साखर तुझ्या प्रमाणात आहे.

ताई


पार्सिपनी, ८ डिसेंबर २०२४

प्रिय कांचन,

आपण रोज फोनवर बोलतो तरी हे पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून.

आधी इकडच्या बातम्या. तू गेल्यावर मंडळ दोन शनिवार भरलंच नाही. त्या शनिवारी मंडळात मी सगळं सांगत असताना प्रीता कशी बसली होती ते तू पाहिलंसच. शेवटी तिने तुला विचारलं, "म्हणजे मावशी, माझं वलय?" तू म्हणालीस, "ते तुमच्यामागच्या समईचं. पण तीन वर्षं नेमाने बसता, त्याला वलय कशाला हवं?" हे तू कुठून आणलंस? माझ्याशी तर कधी इतकं गोड बोलली नाहीस. तरी ती रुसलीच होती. परवा तिचाच फोन आला. ती डोळे तपासून आली. वाट रुंद आहे, धोका नाही, पण कंप्युटरचा चष्मा चुकीचा होता, आणि मेडिटेशनला बसलं की कपाळ ठणकायचं ते त्याने. नवीन चष्मा लावल्यापासून तिला शांत वाटतं. गालिचा तिने बदलला. मी विषय काढला नाही, तिनेही नाही.

रुपाली त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसली होती. नकुलने मोठा बर्फीचा पुडा पाठवला, वर चिठ्ठी: "काकू, थँक यू, आता घरी माझं वलय कोणी चेक करत नाही." यांनी ती चिठ्ठी फ्रिजला लावली आहे.

बायका अजून येतात, फक्त आता दिवसा येतात. कोणाचं डोकं दुखतंय, कोणाच्या सासूचं. मी विचारते, कुठल्या वेळी दुखतं, उजेडात की अंधारात, दिव्याला कडी दिसतात का, कुठली औषधं घेता. मग सांगते, डोक्याच्या डॉक्टरची वाट बघत बसू नका, आधी डोळे दाखवा. घाबरू नकोस, याच्या पुढे मी काही सांगत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या आजी जाऊन आल्या. त्यांची वाट माझ्यासारखीच अरुंद निघाली. दुखायच्या आतच लेसर झालं. त्यांची सून फोनवर मला माताजी म्हणाली. मी तिला काकू म्हणायला लावलं, पण लगेच नाही. जरा वेळाने. हे तुला सांगितलं नसतं तरी तू काढून घेतलं असतंस.

डाव्या डोळ्यालाही आता, पाण्याला वाट म्हणून, लेसरने भोक पाडून झालं. बारीक, टाचणीच्या टोकाएवढं. टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस. संध्याकाळी डेकवर बसते. रस्त्यावरचा दिवा दिव्यासारखा दिसतो. पहिले दोन दिवस मला ते रंग आठवून चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की अंधार पडून गेला आणि मी घाबरले नव्हते.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. काल डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तपासणी केली. एका मशीनमध्ये डोकं घालून बसायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी पुष्कळ ठिपके चुकवले. या डोळ्याचं कडेचं थोडं गेलं आहे आणि ते परत येणार नाही. जे आहे ते थेंब घालून टिकेल. वाचता येतं, पोळ्या लाटता येतात, हे पेपरच्या आड तोंड वाकडं करतात तेही दिसतं. तेव्हा रडू नकोस. मुलांना मी फक्त "छान आहे" एवढंच सांगितलं आहे. परीक्षितला सांगितलं तर तो मला पाणी प्यायला लावेल. यांना माहीत आहे. हे आता जिन्यावर न बोलता माझ्या उजव्या बाजूने चालतात.

तुला कळवायचं कारण वेगळं आहे. तू मला परवा विचारलंस, "त्या सोमवारी मी खोलीत आले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, एवढा राग होता का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. राग नव्हता. लेसर नुकतं झालं होतं, उजवीकडे सगळं दुधासारखं होतं, आणि तू उजवीकडे उभी होतीस. मला तू दिसलीच नाहीस. मला दाराचा आवाज आला, बॅगेची चाकं वाजली, वाटलं कोणी नर्स असेल. मग खरी नर्स येऊन माझं आडनाव घ्यायला लागली, इथे सगळे घेतात तसं, पार मोडतोड करून. आणि माझ्या उजव्या कानाशी कोणीतरी, प्रवासाने घसा बसलेल्या आवाजात, तिला थांबवून माझं आडनाव नीट म्हणायला शिकवू लागलं. एकदा, दोनदा, ती नर्स बरोबर म्हणेपर्यंत.

मी मान वळवली नाही, कारण मी रडत होते आणि रडलं तर औषधाचे थेंब वाहून जातील अशी डॉक्टरांनी ताकीद दिली होती.

तुझी,
ताई